नांगराचें क्रियापद

इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्यास तिच्यांतील भारदस्त लॅटिन शब्दांचें भय वाटतें. परंतु आमच्या मतें खरी अडचण क्रियापदामागून येणाऱ्या चिमुकल्या अव्ययांची आहे. 'प्लाउ', म्हणजे नांगरणें, हेंच क्रियापद घ्या. 'प्लाउ अप' म्हणजे गवताळ रान मोडून लागवडीस आणणें; 'प्लाउ इन' म्हणजे खत मातींत मिसळणें; 'प्लाउ बॅक' म्हणजे धंद्याचा नफा पुन्हा धंद्यांतच घालणें; आणि 'प्लाउ अंडर' म्हणजे उभें पीक मातींत गाडणें. नांगर तोच, पाठचा शब्द बदलला कीं पोषणाचा नाश होतो.

हा केवळ व्याकरणाचा खेळ नव्हे. कापसाचे भाव कोसळल्यामुळें 1933 सालीं अमेरिकन सरकारनें मोबदला देऊन सुमारें 1 कोटी एकर कापूस नांगराखालीं घालविला. उलट 1939 सालीं ब्रिटिश सरकारनें कुरणें मोडून पेरणी करणारास एकरीं 2 पौंड देऊं केले. एकानें 'अंडर'साठीं पैसे मोजले, दुसऱ्यानें 'अप'साठीं!

लोणारजवळचें सुलतानपूर वऱ्हाडांतलें. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत, 1861 ते 1865 मध्यें, ज्या वऱ्हाडच्या कापसाला विलायतेंत एकाएकीं मागणी आली, त्या मुलखांतील वाचकानें तरी हें अव्यय डोळ्यांआड करूं नये.

मराठी हेंच कार्य सहायक क्रियापदांकडून करून घेते. येथील काळ्या रानांत पूर्वीं नांगर क्वचित् चाले, वखर दरसाल. पण कुणबी 'वखरून घेतलें' म्हणाला कीं स्वतःसाठीं, आणि 'वखरून दिलें' म्हणाला कीं दुसऱ्यासाठीं, हें निराळें सांगावें लागत नाहीं. नाश बोलून दाखवावयाचा तर आम्ही जनावर बदलतों: 'गाढवाचा नांगर फिरविला'. सतराव्या शतकांत आदिलशाही सरदार मुरार जगदेवानें पुण्यावर तो फिरविल्याची हकीकत परंपरेनें प्रसिद्ध आहे.

आतां 1933 चा प्रसंग पुन्हा पाहावा. तेथील मोबदला बहुतांशीं जमीनमालकांच्या पदरीं पडला व पुष्कळ कुळें रानाबाहेर गेलीं. 'अंडर' हा शब्द पीक कोठें गेलें एवढेंच सांगतो. मराठींत मात्र मालकानें नांगरून घेतलें आणि कुळानें नांगरून दिलें, असें दोन शब्दांत लिहितां येतें. भाषांतरकारानें ही सोय वाया दवडूं नये. कारण इतिहासांत नांगर कोठें फिरला यापेक्षां तो कोणासाठीं फिरला, हा प्रश्न मोठा आहे.