लीचा राखीव समुद्र

समुद्राचा एक तुकडा मासेमारीस बंद केला म्हणजे तेथे मासे वाढतात, हे गणित पोरालाही सुटते. पण कोणते मासे वाढतात आणि कोणते घटतात, हे विचारले की गणित अवघड होते. त्यासाठी आपण न्यूझीलंडला जाऊ.

ऑकलंड शहराच्या उत्तरेस ली नावाचे खेडे आहे. तेथे १९६२ साली ऑकलंड विद्यापीठाने सागरी प्रयोगशाळा काढली. ज्या जीवांचे निरीक्षण मांडावे, ते कोणीतरी गळाला लावून नेई! म्हणून समोरचा समुद्र राखून ठेवावा, अशी मागणी १९६५ साली निघाली. परंतु पाणी राखण्याचा कायदाच देशात नव्हता. तो झाला १९७१ साली, आणि राखीव क्षेत्र जाहीर झाले १९७५ साली. तेव्हा त्याची लांबी सुमारे ५ किलोमीटर आणि रुंदी किनाऱ्यापासून ८०० मीटर होती. बिल बॅलंटाइन या शास्त्रज्ञाने त्यासाठी केलेली खटपट हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय होईल.

त्या काळी तेथील खडकाचा बराच भाग उघडाबोडका होता. सी-अर्चिन नावाचा, काटेरी चेंडूसारखा जीव केल्प ही मोठी समुद्रवनस्पती मुळापासून खाऊन टाकी. या चेंडूला फोडून खाणारे दोघे: स्नॅपर मासा आणि शेवंड. ते दोघेही माणसाच्या ताटात गेले होते. बंदी आली, तसे दोघे परतले. अर्चिन कमी झाले, आणि केल्पचे रान पुन्हा उभे राहिले. यास वर्षे लागली, हे विसरू नये. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत उघडा खडक बाहेर शेकडा ४० आढळला, राखीव भागात शेकडा १४. म्हणजे शिकारी केवळ पोट भरीत नाही. तो इतरांचे घरही बदलतो.

आणि घर बदलले की रहिवासी बदलतात. खडकाच्या फटींत राहणारे बोटभर लांबीचे मासे असतात; बाजारात त्यांना कोणी विचारीत नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात यांपैकी काही जाती राखीव भागात बाहेरच्यापेक्षा कमी आढळल्या. काही स्नॅपरने गिळल्या असतील, काहींना केल्पच्या सावलीत करमत नसेल. दोन्ही कारणे एकमेकांत इतकी गुंतलेली, की सोडवणे कठीण. आम्हांस तर या घटीतच राखीव क्षेत्राचे यश दिसते. जेथे कोणी कोणाला खात नाही, तो समुद्र नव्हे, हौद.

शेवंडाची गोष्ट मात्र वेगळी. काही काळ वाढून पुढे राखीव भागातही त्याची संख्या घसरली. तो खडक सोडून चरण्यासाठी खोल वाळूवर जाई, ८०० मीटरची रेघ ओलांडी, आणि रेघेपलीकडे पिंजरे मांडलेले असत.