तंबूतला पडदा आणि माळ्यावरची वही

दिवाळी आठ दिवसांवर आली की घरोघर माळे रिकामे होऊ लागतात. फुटका आकाशकंदील, कुणाच्या तरी लग्नातले कळकट पाट, वाळवी लागलेली पंचांगे असे सारे अंगणात येऊन पडते आणि दारात रद्दीवाल्याचा तराजू उभा राहतो. अशाच एका दिवाळीत आमच्या शेजारच्या घरातून एक वही रद्दीत गेली. तिची मला आजही चुटपुट लागून आहे. मराठवाड्यातल्या, विशेषतः आमच्या हिंगोलीकडच्या सिनेमाचा इतिहास सांगायला बसलो की मला प्रथम ती वहीच आठवते.

ती वही ऑपरेटरमामांची होती. त्यांचे खरे नाव गावात फारसे कुणी घेत नसे. तरुणपणी ते तंबूच्या टॉकीजबरोबर जत्रा-जत्रांतून हिंडले आणि पुढे तालुक्याच्या गावी पत्र्याच्या टॉकीजमध्ये मशीनवर बसले. रोजचा खेळ संपला की ते वहीत चार ओळी लिहीत. कोणते चित्र लागले, रिळे किती आली, तिकिटे किती खपली, पाऊस आला की वीज गेली. त्या वहीत साहित्य नव्हते, पण पाव शतकाचा जमाखर्च होता. मामा गेले, त्यांची मुले नोकरीनिमित्त दूर गेली, घर विकायला काढले आणि माळा साफ झाला. मी त्या दिवशी गावातच होतो. वही मागून घ्यावी असे मनात आलेही होते. पण दिवाळीच्या गडबडीत परक्याच्या घरी कशाला जायचे, म्हणून राहून गेले. दोष दुसऱ्या कुणाचा नाही, माझाच आहे.

आता कुणी म्हणेल, एका मशीनवाल्याच्या वहीत एवढे काय होते? त्यासाठी थोडे मागे जायला हवे.

हिंदुस्थानात चलच्चित्रे प्रथम दिसली ती ७ जुलै १८९६ रोजी, मुंबईच्या वॉटसन हॉटेलात. ल्युमिएर बंधूंच्या माणसांनी ती दाखवली. पुढे तीनच वर्षांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी मुंबईत कुस्तीचे चित्रण केले. ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. १९१५ साली पुण्यात मंडईजवळ गंगाधरपंत पाठकांनी ‘आर्यन’ उभे केले. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावातल्याच ‘मॅजेस्टिक’मध्ये ‘आलम आरा’ लागला आणि पडदा बोलू लागला. पुढच्याच वर्षी ‘प्रभात’चा ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलला. हा सारा इतिहास पुस्तकांत आहे आणि तो मुंबई, पुणे, कोल्हापूर, नाशिक यांचा आहे. हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव, औंढा ही नावे त्यात शोधूनही सापडायची नाहीत.

याचे एक कारण असे की आमचा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. हिंगोली हे हैदराबाद कंटिंजंटच्या छावणीचे गाव. १९०३ साली ते सैन्य हिंदी लष्करात विलीन झाले. १९१२ साली पूर्णेहून हिंगोलीपर्यंत मीटरगेजची गाडी आली. शाळेत शिक्षण उर्दूतून, कचेरीतला कागद उर्दूत आणि व्यवहाराचे नाणे हाली, म्हणजे निजामाचे. इंग्रजी अंमलातला रुपया तो कलदार. माझे आजोबा म्हातारपणीसुद्धा तिकिटाचा दर सांगताना ‘हाली की कलदार?’ असे स्वतःलाच विचारत आणि मग आकडा सांगत. हिंदी चित्रांची नावे पडद्यावर उर्दू लिपीतही येत. ती घडाघडा वाचणारे आजोबा आम्हां नातवंडांना मोठे पंडित वाटत. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला आणि १ मे १९९९ रोजी परभणीतून निघून हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. राज्ये आणि जिल्हे असे बदलत गेले; पण रात्री पडद्यासमोर बसणारा माणूस तोच होता.

आणि दुसरे कारण असे की आमच्याकडच्या सिनेमाला पहिले घरच नव्हते. तो तंबूत राहत होता.

तंबूचा सिनेमा ही काही आमचीच मिरास नव्हे. अब्दुलअली युसुफअली हे गृहस्थ विसाव्या शतकाच्या आरंभी तंबू आणि यंत्र घेऊन आधी ब्रह्मदेश, सिंगापूरकडे आणि १९०८ नंतर हिंदुस्थानभर हिंडले. त्यांचा तंबू शंभर फूट लांब, पन्नास फूट रुंद होता आणि त्यात हजारभर माणसे बसत. महाराष्ट्रात ही परंपरा जत्रांच्या आधाराने टिकली. सुगी झाली, हातात चार पैसे आले, की देवांच्या यात्रा सुरू होतात. पाळणे, तमाशाचे फड, मिठाईची पाले यांच्याबरोबर टॉकीजचा ट्रकही एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेत जाई आणि मृगाच्या आधी घरी परते. देवांचे पंचांग हेच या धंद्याचे वेळापत्रक होते. आमच्या जिल्ह्यात यात्रांना काय तोटा? औंढ्याला नागनाथाची महाशिवरात्र, नरसीला नामदेवांची आषाढ वद्य एकादशीची परतवारी, हिंगोलीला रामलीला मैदानावरचा दसरा.

आमच्या गावची जत्रा यांच्या मानाने लहान. पण तंबू आला की त्याचे खांब उभे राहताना पाहायला आम्ही पोरे शाळा बुडवीत असू. दुपारी बैलगाडीला दोन्ही बाजूंनी रंगीत फलक बांधून, वर कर्णा लावून जाहिरात फिरे आणि मागून गुलाबी, पिवळे कागद उधळले जात. दिवस मावळल्याखेरीज खेळ सुरू होत नसे, कारण कापडातून उजेड आत येई. तंबूत खुर्च्या नावालाच. बाकी सारी जमीन. बायका घोंगडी, पोती घरूनच आणीत. त्यांची बाजू वेगळी, मधे दोर. बाहेर तेलाचे इंजिन धडधडत असे आणि त्यावर वीज चाले. ट्रकमध्येच मशीन बसवलेले. मशीन एकच असल्यामुळे रीळ संपले की अंधार, मग शिट्ट्या, मग कुणाच्या तरी पोराचे रडणे आणि पुन्हा उजेड.

ऑपरेटरमामांनी मला एकदा त्या ट्रकात उभे राहू दिले होते. काचेच्या मागे दोन कोळशाच्या कांड्या टोकाशी टोक आणून जळत होत्या. त्यांच्यातले अंतर वाढले की पडदा पिवळा पडे, फार जवळ आले तरी बिघडे. कांड्या झिजत जात तसतसे मामा हाताने त्या पुढे सरकवीत. एका सेकंदाला चोवीस चित्रे, मिनिटाला नव्वद फूट फिल्म, हजार फुटांचे रीळ अकरा मिनिटांत खलास, हा हिशेब मी त्यांच्याकडून शिकलो. शाळेतल्या गुरुजींना तो जन्मात पटवता आला नसता. जुन्या नायट्रेटच्या फिल्मला आगीचे भय असे, म्हणून वाळूच्या लाल बादल्या टांगलेल्या. मामा तीन तास पडद्याकडे पाहत, पण गोष्ट पाहत नसत. उजेड पाहत.

त्या वर्षी ‘संत तुकाराम’ आला होता. दामले-फत्तेलाल यांचे हे ‘प्रभात’चे चित्र १९३६ सालचे, पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. आमच्याकडे पोचला तेव्हा त्याच्या प्रतीवर पावसासारख्या रेघा होत्या. पण विष्णुपंत पागनीस पडद्यावर येताच तंबूत सामसूम झाली. माझी आजी नरसीकडची. तिने वहाणा काढून मांडीखाली सरकवल्या, हात जोडले आणि शेजारणीला मोठ्याने सांगितले, “अगं, याला अभंग करायला आमच्या नामदेवानंच सांगितलं.” नामदेवांनी पांडुरंगासह स्वप्नात येऊन तुकोबांना कवित्वाची आज्ञा केली, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे, आजीच्या दृष्टीने ती गोष्ट माहेरची होती. शेवटी गरुड तुकोबांना घेऊन वर निघाला तेव्हा साऱ्या तंबूने विठ्ठलनामाचा गजर केला. इंजिनाचा आवाजसुद्धा त्यात बुडाला. त्या रात्री बैलगाडीतून परतताना आजी एक अक्षर बोलली नाही. व्हेनिसच्या मंडळींना त्या चित्रात जे दिसले ते पुस्तकांत लिहून ठेवलेले आहे. आजीला जे दिसले ते कुठे लिहिलेले आहे?

तंबूनंतर पत्र्याची टॉकीजे आली. रिळांची पत्र्याची पेटी गाडीने येई आणि ‘पेटी आली का?’ हा गावाचा प्रश्न होई. १९७५ साली ‘जय संतोषी माँ’ आला तेव्हा ठिकठिकाणी बायका वहाणा बाहेर काढून आत जात आणि पडद्यावर पैसे उधळीत. दादा कोंडके आले, ‘शोले’ आला, १९९१ साली ‘माहेरची साडी’ने लेकी-सुनांना रडवले. मग घरात दूरदर्शन आले, पाठोपाठ व्हिडिओ, मग केबल. शहरांत एका छपराखाली चार-चार पडदे झाले. फिल्मची रिळे बंद पडून चित्रे संगणकाच्या डबीतून येऊ लागली, तेव्हा कोळशाच्या कांड्यांचे कसब जाणणाऱ्या माणसांना काम उरले नाही. २०२० च्या साथीने उरलीसुरली दारे लावली. गावोगावची कितीतरी टॉकीजे गोदामे झाली, कितीतरी मंगल कार्यालये झाली.

जुन्या इमारती वाचवता येतात, हे खरे आहे. मुंबईचे रॉयल ऑपेरा हाउस कित्येक वर्षे बंद पडून होते. त्याची नेटकी डागडुजी होऊन २०१६ साली ते पुन्हा उघडले. इंदूरच्या सरदार किब्यांनी १९३४ साली पुण्यात बांधलेले चित्रगृह ऐंशी वर्षे ‘प्रभात’ म्हणून गाजले, २०१४ च्या अखेरीस ते मालकांकडे परत गेले आणि ‘किबे लक्ष्मी’ हे मूळचे नाव घेऊन पुन्हा उभे राहिले. पण जिथे ‘आलम आरा’ लागला ते ‘मॅजेस्टिक’ राहिले नाही. तिथे दुकाने आहेत. कॉरोनेशनही गेले. ‘आर्यन’ही गेले. मुंबई-पुण्याची ही गत, तर आमच्या पत्र्याच्या टॉकीजची काय कथा! त्याला ना घुमट, ना संगमरवरी जिना. उन्हाळ्यात त्यात भाजून निघायचे आणि पावसाळ्यात पत्र्यावरच्या आवाजात संवाद ऐकू यायचे नाहीत. ते जतन करा म्हणून कोण अर्ज करील? आणि तंबू तर रोवला तिथून उपटलाच जायचा. त्याच्या जागी पाटी तरी कुठे लावणार?

म्हणून मला वाटते, आमच्यासारख्या जिल्ह्यात जतन करायची वस्तू निराळी आहे. ती म्हणजे मामांची वही, भिंतीवरून सोललेले भित्तिपत्रक, पाकिटात विसरलेले अर्धे तिकीट, जाहिरातीचा गुलाबी कागद, आणि मुख्य म्हणजे ज्यांनी मशीन चालवले, तिकिटे फाडली, मध्यंतरात फुटाणे विकले त्यांच्या आठवणी. हे काम करायला लाखो रुपये लागत नाहीत. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातल्या तंबू टॉकीजबरोबर वर्षानुवर्षे हिंडून ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला आणि २०१६ साली तो कानच्या महोत्सवात दाखवला गेला. जगाला त्याचे अप्रूप वाटले. आपल्याला वाटायला काय हरकत आहे? पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ सालापासून चित्रांबरोबर भित्तिपत्रके, छायाचित्रे, पुस्तिकाही सांभाळत आले आहे. तिथवर जाणे जमले नाही तर गावचे वाचनालय आहे, शाळेचे कपाट आहे. निदान घरची पेटी तर आहेच.

गेल्या वर्षी गावी गेलो होतो. तंबू पडायचा त्या माळावर आता दुकानांची ओळ आहे. बरोबर नात होती. तिला म्हटले, “इथं तुझ्या पणजीच्या आईनं पांडुरंग पाहिला.” तिने इकडे तिकडे पाहिले आणि विचारले, “कुठे?” मी मोबाइलच्या दुकानाकडे बोट दाखवले आणि मग तिथेच एका पायरीवर बसून तिला सारे सांगितले. ती ऐकत राहिली, आणि घरी आल्यावर तिने ते आपल्या वहीत लिहून काढले. चुका पुष्कळ केल्या होत्या. कोळशाच्या कांडीला तिने खडू म्हटले होते. मी एकही दुरुस्त केली नाही.

यंदा माळा उतरवाल तेव्हा रद्दीच्या तराजूत टाकण्याआधी एकेक वही उघडून पाहा. आणि फराळाला सारे घर जमेल तेव्हा आजी-आजोबांना एवढेच विचारा, “तुम्ही पहिला सिनेमा कुठे पाहिला?” मग चकलीचे ताट त्यांच्याजवळ सरकवा आणि कुणीतरी लिहून घ्या.