मलबेरी स्ट्रीटवरचे जेवण

न्यूयॉर्कमधली इटालियन रेस्टॉरंटे आणि तिथल्या रस्त्यांवरच्या खाद्यगाड्या यांची मुळे बऱ्याच अंशी एकाच वस्तीत सापडतात. मॅनहॅटनच्या दक्षिण भागात, मलबेरी स्ट्रीट आणि आसपासच्या गल्ल्यांत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इटालियन स्थलांतरित जे शिजवत आणि विकत होते, त्यातून या दोन्ही धंद्यांना आकार आला. पुढे एक धंदा छपराखाली स्थिरावला आणि दुसऱ्याला शहराने पुन्हा पुन्हा रस्त्यावरून उठवले. यात लोकांच्या आवडीनिवडीचा वाटा समजला जातो तेवढा मोठा नाही. बहुतेक वळणे परवान्यांनी, दारूबंदीने, मजुरीच्या दरांनी आणि जागेच्या भाड्यांनी ठरवली.

इटालियन बोलणारे लोक त्याआधीही शहराला जेवू घालत होते. स्वित्झर्लंडच्या इटालियनभाषक तिचिनो प्रांतातून आलेल्या देल्मोनिको बंधूंनी १८२७ मध्ये विल्यम स्ट्रीटवर कॅफे काढला आणि दहा वर्षांत त्याचे मोठे रेस्टॉरंट झाले. पण तिथले पदार्थ फ्रेंच होते, कारण उंची जेवण म्हणजे फ्रेंच जेवण अशीच श्रीमंत गिऱ्हाइकांची समजूत होती.

१८८० ते १९२० या चाळीस वर्षांत चाळीस लाखांहून अधिक इटालियन अमेरिकेत उतरले. त्यातले बहुसंख्य सिसिली, कालाब्रिया, कंपानिया अशा दक्षिणेकडच्या भागांतले शेतमजूर किंवा अल्पभूधारक शेतकरी होते. सुरुवातीला पुरुष एकटेच येत. भुयारी रेल्वे, गटारे, इमारती यांच्या कामांवर राबत आणि साठलेला पैसा गावी धाडत. त्यातले पुष्कळ जण काही वर्षांनी परतही गेले. अशा एकट्या मजुरांच्या जेवणाची सोय त्यांच्याच गावाकडच्या बाया करत. घरातल्या एका खोलीत बिऱ्हाडकरू ठेवायचे आणि आठवड्याच्या हिशोबाने त्यांना रांधून वाढायचे, अशी ती पद्धत होती. मुंबईच्या गिरणगावात घाटावरच्या आणि कोकणातल्या चाकरमान्यांसाठी चालणाऱ्या खाणावळींचीच ही बहीण म्हणता येईल. न्यूयॉर्कच्या पहिल्या इटालियन भोजनालयांतली अनेक या घरगुती व्यवस्थेतून वाढली. तळघरात चार बाकडी, ठरलेले जेवण, ठरलेली किंमत आणि सोबत घरची लाल वाइन एवढाच त्यांचा पसारा होता.

या जेवणाबद्दल एक गैरसमज पक्का रुजलेला आहे. स्थलांतरितांनी मायदेशीचे रोजचे जेवण जसेच्या तसे अमेरिकेत आणले, असे मानले जाते. दक्षिण इटलीतल्या गरीब शेतकऱ्याच्या ताटात मात्र रोज जाडाभरडा पाव, कडधान्य आणि रानभाजी असे. पांढऱ्या गव्हाची मॅकरोनी आणि मांस हे सणासुदीचे किंवा जमीनदाराच्या घरचे अन्न होते. न्यूयॉर्कची मजुरी हातात पडू लागली आणि मांसही स्वस्त मिळू लागले, तेव्हा हे सणाचे जेवण रोजचे झाले. स्पॅगेटीवर टोमॅटोचा घट्ट रस्सा आणि त्यात मांसाचे मोठाले गोळे हा पदार्थ या सुबत्तेचे अपत्य आहे. इटलीत मांसाचे गोळे करत, पण लहान आणि बहुधा वेगळे वाढत. त्या काळच्या अमेरिकन समाजसेवकांना मात्र लसूण, ऑलिव्ह तेल आणि सारे एकत्र शिजवण्याची पद्धत आरोग्याला घातक वाटे. घरी अजून स्पॅगेटी शिजते म्हणजे ते कुटुंब अमेरिकन झालेले नाही, असा हिशोब ते मांडत.

मलबेरी स्ट्रीटचा रस्ताही स्वयंपाकघरासारखाच गजबजलेला होता. वार्ताहर आणि छायाचित्रकार जेकब रीस याने या भागातल्या कोंदट चाळींची चित्रे जगापुढे आणली. त्याच्या खटपटीमुळे मलबेरी बेंड नावाचा सर्वांत बदनाम तुकडा पाडला गेला आणि १८९७ मध्ये तिथे बाग झाली. रस्त्याकडेच्या हातगाड्या मात्र वाढतच राहिल्या. दुकानाचे भाडे परवडत नाही, भाषा येत नाही, पण गाडी दिवसाच्या भाड्याने मिळते, अशा माणसाला हा धंदा सोयीचा होता. १९०६ मध्ये महापौरांनी नेमलेल्या हातगाडी आयोगाने पाहणी केली तेव्हा गाडीवाल्यांत ज्यू सर्वाधिक आणि त्यांच्यामागे इटालियन व ग्रीक असे चित्र दिसले. इटालियन गाड्यांवर भाजीपाला, फळे, भाजलेले चेस्टनट, मासे आणि उन्हाळ्यात लिंबाचा बर्फ असे.

बर्फाच्या या गाड्यांतूनच एक शोध निघाला. उत्तर इटलीतून आलेला इतालो मार्किओनी वॉल स्ट्रीट परिसरात लिंबाचा बर्फ आणि आइस्क्रीम विकत असे. तेव्हा आइस्क्रीम काचेच्या छोट्या पेल्यात देत आणि गिऱ्हाइकाने ते चाटून पेला परत करावा अशी रीत होती. पेले फुटत, काही जण ते घेऊनच जात, आणि न धुता पुन्हा वापरलेल्या पेल्यांतून रोगराई पसरे ती वेगळीच. मार्किओनीने खाता येईल अशी वेफरची वाटी केली आणि तिच्या साच्याचे पेटंट त्याला १९०३ च्या डिसेंबरात मिळाले. आइस्क्रीमच्या कोनाचे जनक म्हणवणारे इतरही अनेक आहेत, त्यामुळे सगळे श्रेय त्याच्या पदरात टाकता येत नाही. तरी फेरीवाल्याच्या अडचणीतून उपाय निघतो कसा, हे इथे स्पष्ट दिसते.

पिझ्झाचा प्रवास किराणा दुकानातून झाला. स्प्रिंग स्ट्रीटवर जेनारो लोंबार्डी याच्या दुकानात १९०५ पासून पिझ्झा मिळू लागला आणि अमेरिकेतले पहिले पिझ्झाघर म्हणून त्याचेच नाव घेतले जाते. शहरात त्याआधीही पिझ्झा भाजणारे नेपल्सकर होते, असे अलीकडच्या संशोधनातून पुढे आले आहे. ते काहीही असो, कोळशाच्या प्रचंड भट्टीत भाजलेला, कागदात गुंडाळून मजुराने दुपारच्या सुट्टीसाठी नेलेला हा पदार्थ कित्येक वर्षे इटालियन वस्तीबाहेर फारसा माहीत नव्हता. लोंबार्डीकडे हात बसलेल्या अँथनी पेरोने १९२४ मध्ये कोनी आयलंडला ‘टोटोनोज’ काढले. १९२९ मध्ये ‘जॉन्स’ सुरू झाले. भट्टी बांधणे खर्चिक, ती तापवण्याचे कसब मोजक्यांकडे, त्यामुळे धंदा गुरुशिष्यपरंपरेने पसरत गेला.

इटालियन भोजनालयात बाहेरचे गिऱ्हाईक पहिल्यांदा आले ते ग्रिनिच व्हिलेजमधल्या लेखक-चित्रकारांच्या रूपाने. पन्नास सेंटच्या आसपास सूप, पास्ता, मांसाचा एक पदार्थ आणि वाइन मिळत असे. कलावंतांच्या खिशाला ते परवडे आणि मध्यमवर्गीयांना तिथे जाणे थोडे धाडसाचे वाटे. १९०६ मध्ये नाट्यगृहांच्या भागात उत्तरेकडच्या पिएमोंते प्रांताचे जेवण देणारे ‘बार्बेटा’ निघाले. त्याच सुमारास लुइझा लेओने हिने सुरू केलेले ‘मामा लेओनेज’ पुढे शेकडो माणसांना एका वेळी जेवू घालू लागले. ऑपेरागायक एनरिको कारूझो याच्या आग्रहावरून तिने ते काढले, अशी आख्यायिका आहे.

इटालियन रेस्टॉरंट सर्वसामान्य न्यूयॉर्करांचे झाले ते मात्र दारूबंदीमुळे. १९२० ते १९३३ या काळात दारू विकायला मनाई होती. मोठमोठ्या फ्रेंच रेस्टॉरंटांचा नफा वाइनवर चाले. ती गेल्यावर त्यांचा कणाच मोडला आणि देल्मोनिकोचे प्रसिद्ध घराणेही १९२३ मध्ये बंद पडले. इटालियन कुटुंबांना घरापुरता द्राक्षरस आंबवण्याची पळवाट कायद्यात होती. घर आणि खाणावळ एकाच छपराखाली असल्यावर तो रस कुठवर पोचतो हे कोण तपासणार? कॉफीच्या कपातून लाल वाइन मिळू लागली आणि ती पिण्यासाठी आलेले लोक समोर येईल ते खाऊ लागले. बंदी उठली तोवर लाल रस्सा त्यांच्या अंगवळणी पडला होता. चौकड्यांचे मेजपोस आणि गवताच्या वेष्टनातली किआंतीची बाटली ही या रेस्टॉरंटांची ओळख झाली.

रेस्टॉरंटांचे दिवस पालटत असताना गाडीवाल्यांचे ग्रह फिरले. त्यांना हटवणारा महापौर इटालियन वंशाचा निघाला, हा विरोधाभास नजरेआड करता येत नाही. फिओरेलो ला गार्डिया १९३४ मध्ये महापौर झाला. सडके अन्न, तुंबलेले रस्ते आणि गुंडांची खंडणी यांचा त्याला मनस्वी तिटकारा होता. आर्टिचोकचा घाऊक व्यापार एका माफिया टोळीच्या मुठीत गेल्याचे पाहून त्याने डिसेंबर १९३५ मध्ये भल्या पहाटे ब्राँक्सच्या मंडईत उभे राहून, तुताऱ्यांच्या गजरात, त्या भाजीच्या विक्रीवरच बंदी जाहीर केली. काही दिवसांत ती उठवली, पण टोळीला जरब बसली. पुढच्याच महिन्यात रस्त्यावरच्या बाजेवाल्यांवर बंदी आली. हेही बहुतेक इटालियनच. हातगाड्यांसाठी त्याने बंदिस्त मंडया बांधल्या. १९३६ मध्ये पार्क अव्हेन्यूखालची, १९४० मध्ये एसेक्स स्ट्रीटची आणि त्याच वर्षी ब्राँक्समधल्या इटालियन वस्तीत आर्थर अव्हेन्यूची. ज्यांना आत गाळा मिळाला ते दुकानदार झाले. मिळाला नाही त्यांची संख्या मोठी होती, आणि त्यांच्यासाठी हे स्वच्छतेचे काम नव्हे तर पोटावरचा पाय होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर पिझ्झाने वस्तीची वेस ओलांडली. इटलीत लढून आलेल्या सैनिकांना त्याची चटक लागली होती, असे कारण नेहमी दिले जाते. गॅसच्या भट्टीचा मुद्दा त्याहून वजनदार आहे. आयरा नेविन याने १९४५ मध्ये तयार केलेली भट्टी आकाराने लहान होती, कुठल्याही दुकानात बसे आणि तिला कोळसा झोकणारा कसबी माणूस लागत नसे. त्यामुळे अख्ख्या पिझ्झाऐवजी एकेक तुकडा गरम करून विकणे सोपे झाले आणि न्यूयॉर्कच्या धावत्या माणसाला हवे होते तेच मिळाले. १९८० मध्ये तर कोणीतरी हिशोब काढला की पिझ्झाच्या तुकड्याची किंमत आणि भुयारी रेल्वेचे तिकीट वर्षानुवर्षे हातात हात घालून वाढत आले आहे. हा नियम अर्थशास्त्राच्या कुठल्या पुस्तकात नसेल, पण पुढेही बराच काळ तो खरा ठरत गेला.

दरम्यान इटालियन कुटुंबे उपनगरांत गेली. मलबेरी स्ट्रीटवर मागे राहिली ती पर्यटकांसाठीची रेस्टॉरंटे आणि १९२६ पासून भरणारी सान जेनारोची जत्रा. २००९ च्या जनगणना विभागाच्या नमुना पाहणीत मलबेरी स्ट्रीटभोवतीच्या या ‘लिटल इटली’ वस्तीत इटलीत जन्मलेला एकही रहिवासी आढळला नाही. लाल रश्श्याची प्रतिष्ठाही घसरली होती. मार्चेल्ला हाझान हिचे इटालियन पाककृतींचे पुस्तक १९७३ मध्ये आले आणि रिसोत्तो, पेस्तो, ताजा पास्ता यांचा बोलबाला झाला. ‘उत्तर इटालियन’ हे शब्द पाटीवर आले की दर चढत. दक्षिणेच्या गरिबांनी उभारलेला धंदा असा त्यांच्याच नावाने नाके मुरडू लागला.

रस्त्यावरच्या धंद्याची पुढची पायरी असलेल्या खाद्यट्रकची परंपरा मात्र न्यूयॉर्कबाहेरची. ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स शहरात वॉल्टर स्कॉट नावाचा माणूस १८७२ मध्ये घोडागाडीतून रात्रपाळीच्या वृत्तपत्र कामगारांना सँडविच, पाय आणि कॉफी विकू लागला, तिथून चाकांवरच्या उपाहारगृहांची सुरुवात धरतात. न्यूयॉर्कमध्ये १८९० च्या दशकात एका दारूविरोधी चर्च संघटनेने अशा गाड्या फिरवल्या. रात्री भुकेला माणूस दारूच्या गुत्त्यात जाऊ नये हा हेतू. पश्चिमेला लॉस एंजेलिसमध्ये राउल मार्तिनेझ याने १९७४ मध्ये आइस्क्रीमच्या गाडीचे टाकोच्या गाडीत रूपांतर केले. त्याच शहरात नोव्हेंबर २००८ मध्ये रॉय चोई आणि साथीदारांच्या ‘कोगी’ ट्रकने कोरियन मांस मेक्सिकन टाकोत भरले आणि गाडी आज कुठे उभी आहे हे ट्विटरवर कळवायला सुरुवात केली. मंदीचे ते दिवस होते. नोकऱ्या गेलेले आचारी, ओस पडलेल्या बांधकामांवरच्या रिकाम्या गाड्या आणि स्वस्तात चांगले खाऊ पाहणारे तरुण अशी तिन्ही बाजूंनी जुळणी झाली.

न्यूयॉर्कमध्ये ही लाट परवान्यांच्या बांधावर आदळली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला शहराने खाद्यगाड्यांच्या वर्षभराच्या परवान्यांची संख्या सुमारे तीन हजारांवर गोठवली होती, आणि ट्रकलाही तोच परवाना लागे. दोन वर्षांच्या परवान्याचे शुल्क २०० डॉलर. मूळ धारक मात्र तो काळ्या बाजारात वीस-पंचवीस हजार डॉलरला भाड्याने देत. शिवाय इमारतीच्या दारापासून वीस फूट दूर राहायचे आणि रोज रात्री गाडी ठरलेल्या डेपोत धुवायला न्यायची, हे नियम होतेच. २०११ मध्ये एका न्यायालयाने मीटरच्या पार्किंगमध्ये उभे राहून अन्न विकणे बेकायदा ठरवले, तेव्हा मिडटाउनमधल्या ट्रकचालकांची झोप उडाली. त्यामुळे टिकले ते बहुधा ट्रककडे दुकानाची पायरी म्हणून पाहणारे. २००८ मध्ये पिवळ्या ट्रकमधून आइस्क्रीम विकणाऱ्या ‘व्हॅन ल्यूवेन’ने पुढे दुकाने काढली. त्रेपन्नाव्या रस्त्यावर १९९० मध्ये हॉटडॉगची गाडी लावून मग मुसलमान टॅक्सीवाल्यांसाठी कोंबडी-भाताकडे वळलेल्या इजिप्शियन भागीदारांची ‘हलाल गाइज’ ही साखळी झाली.

२०१३ मध्ये टॉम्पसन स्ट्रीटवर ‘कार्बोने’ उघडले. १९२२ पासून तिथे ‘रॉकोज’ नावाचे साधे इटालियन रेस्टॉरंट होते. मजुरांच्या सणाच्या जेवणातून आलेला लाल रस्सा आणि मांसाचे गोळे इथे उंची पोशाखातले वाढपी आणून देऊ लागले, आणि मेज मिळवायला वशिला लागू लागला. रस्त्यावरच्या गाड्यांबाबत शहराने २०२१ मध्ये कायदा बदलला. दहा वर्षे दरवर्षी चारशेच्या वर नवे परवाने द्यायचे आणि ज्याच्या नावे परवाना आहे त्याने स्वतः गाडीवर हजर राहायचे, असे ठरले. प्रत्यक्ष वाटप मात्र कागदावरच्या वेगाने झाले नाही. गाडीवाल्यांत आता बांगलादेश, इजिप्त, मेक्सिको आणि इक्वादोरमधून आलेले पुष्कळ आहेत.