ग्लोरी ऑफ आलापल्ली: लेकराबाळांसह बघावं असं सागवन

गडचिरोली जिल्ह्याच्या अहेरी तालुक्यात, आलापल्ली-भामरागड रस्त्यालगत सुमारे ६ हेक्टरचं हे जुनं नैसर्गिक सागवन आहे. २०१४ मध्ये ते राज्यातलं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ ठरलं. इथल्या मोठ्या सागाला एकट्याच्या मिठीत घेता येत नाही, शेंडा बघायचा तर मान पार मागे टाकावी लागते.

कुटुंबासह जायचं तर हिवाळा बरा. उन्हाळ्यात साग निष्पर्ण होतो, सावली मिळत नाही. खाली पडलेली पानं पापडासारखी वाजतात, त्यामुळे माणसाची चाहूल लागताच जनावर पसार होतं. सकाळी लवकर, गप्प चाललं तर पक्षी, माकडं, नशीब असेल तर चितळही दिसतात. हत्ती मात्र इथे नाहीत; ते बघायला सिरोंचा मार्गावरून रेपनपल्लीमार्गे कमलापूरच्या शासकीय हत्ती कॅम्पला जावं लागतं. जानेवारीत हत्तींच्या पायांवर उपचार चालतात तेव्हा तो पर्यटकांना बंद असतो, म्हणून आधी वनविभागात विचारून घ्यावं.

सागाच्या खोडावर नाव कोरू नये. सालीखालच्या थरातूनच झाडाचं अन्न वाहतं, आणि त्या जखमेतून कीड अन् बुरशी आत शिरते.