फुलाचं पाणी, गावाचं पाणी

अंगणातल्या जुन्या हौदात कुमुद लावू या, असं आमच्या गटाच्या बैठकीत निघालं, तेव्हा एकीनं विचारलं, "हंडाभर पाण्यासाठी टँकरची वाट बघायची, आणि फुलाला हौदभर पाणी?" प्रश्न रास्त होता. आपल्या शेवगाव तालुक्याच्या एका अंगाला जायकवाडीचं पाणी पसरलेलं, तर दुसऱ्या अंगाला उन्हाळ्यात घसा कोरडा. पण हा प्रश्न आजचा नाही.

नगरची फराहबाग घ्या. निजामशाहीतला हा महाल १५८३ साली पुरा झाला, तोही मोठ्या तळ्याच्या मधोमध. तळ्यासाठी पाणी लांबून आणलं होतं. आज महाल उभा आहे, तळं मात्र कोरडं. पाण्याची वाट मोडली, तशी बागेची शोभाही गेली.

दूर फ्रान्समध्ये जिव्हर्नी गावात क्लोद मोने या चित्रकारानं १८९३ साली तळ्यासाठी जमीन घेतली. ओढ्याचं पाणी वळवून त्याला कुमुदं लावायची होती. गावकरी अडून बसले. परक्या झाडांनी पाणी नासेल, अशी त्यांना भीती होती. शेवटी परवानगी मिळाली आणि त्या फुलांची चित्रं जगभर गेली.

म्हणून गावकरी खुळे होते का? मुळीच नाही. जलपर्णीसुद्धा आपल्या देशात आली ती सुंदर फुलामुळेच. तिनं बंगालचं पाणी असं कोंडलं, की १९३६ साली तिच्यासाठी कायदा करावा लागला. आज इंद्रायणी, पंचगंगेत ती आपणही बघतो.

आम्ही यातून एवढंच घेतलं: फूल आपल्या हौदात, गावाचं पाणी गावाला. पावसाळ्यात पन्हळीचं पाणी हौदात धरायचं. घमेल्यात चिकण काळी माती घालून कुमुदाचा कंद लावायचा, कोंब मातीच्या वर ठेवायचा, वरून वाळूचा थर द्यायचा. घमेलं विटांवर ठेवून हौदात सोडायचं आणि पानं वाढतील तशा विटा काढायच्या. पाच-सहा तास ऊन हवंच. डासांसाठी गप्पी मासे सोडायचे. उपटलेला कंद ओढ्यात किंवा विहिरीत कधीच टाकायचा नाही.

आणि टंचाईच्या साली? आधी हंडा, मग हौद. यावर आमच्या बैठकीत कुणाचंच दुमत झालं नाही.