लोखंडी ऱ्हाईन : एका कलमाची हकीकत

बंदराची योग्यता पाण्याच्या खोलीवरून ठरविण्याची आपली सवय आहे. परंतु आगबोट धक्क्यास लागली म्हणजे व्यापाराचे निम्मेच काम होते. उतरलेला माल देशाच्या अंतर्भागात किती सुलभतेने जातो, यावर बंदराचे खरे भवितव्य अवलंबून असते. आणि ती वाट जर शेजाऱ्याच्या अंगणातून जात असेल, तर बंदराच्या इतिहासात समुद्रापेक्षा तहनाम्यांचीच पाने अधिक भरतात. बेल्जमचे अँटवर्प हे याचे उत्तम उदाहरण होय. त्या बंदराची व जर्मनीची गाठ घालणाऱ्या एका लोहमार्गाची हकीकत आम्ही येथे सांगणार आहो. या मार्गास ‘लोखंडी ऱ्हाईन’ असे नाव आहे.

अँटवर्प हे स्केल्ट नदीवर वसलेले आहे; पण त्या नदीचे मुख डच लोकांच्या हाती. १५८५ साली स्पॅनिश सैन्याने अँटवर्प जिंकले, तेव्हा डचांनी नदीचे मुख रोखले, आणि १६४८ च्या म्युन्स्टरच्या तहाने या बंदीवर शिक्कामोर्तब झाले. सोळाव्या शतकात युरोपच्या व्यापाराचे केंद्र असलेले हे शहर त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षे समुद्राकडे पाहत स्वस्थ बसून राहिले. अठराव्या शतकाच्या अखेरीस क्रांतिकारक फ्रेंच सैन्यांनी नदी मोकळी केली. पुढे १८३० साली बेल्जम हॉलंडपासून फुटून निघाला, तेव्हा अँटवर्पच्या व्यापाऱ्यांच्या मनात जुनी धास्ती पुन्हा जागी झाली. स्केल्टचे मुख डचांकडेच राहिले होते. आणि जर्मनीच्या दिशेने पाहावे, तर लिंबर्ग प्रांताचा डच भाग मध्ये पाचरीसारखा शिरलेला!

या दोन्ही अडचणींचा विचार १८३९ च्या लंडनच्या तहात झाला. नदीतून जाणाऱ्या जहाजांवर दर टनास दीड गिल्डर कर बसविण्याची मुभा हॉलंडास मिळाली. हा कर बेल्जमचे सरकार जहाजवाल्यांच्या वतीने आपल्या तिजोरीतून भरीत असे. अखेर १८६३ साली सुमारे १ कोटी ७१ लक्ष गिल्डर एकरकमी देऊन हा जाच कायमचा विकत घेण्यात आला. जमिनीवरील वाटेसाठी मात्र याच तहात बारावे कलम घातले होते. बेल्जमने आपल्या हद्दीत म्यूज नदीपर्यंत नवा रस्ता किंवा कालवा केल्यास तो समोरच्या डच सिटार्ड परगण्यातून जर्मनीच्या सीमेपर्यंत पुढे नेण्याची मागणी त्यास करता यावी व हॉलंडने ती नाकारू नये. सर्व खर्च बेल्जमने सोसावा. मार्गाचा उपयोग केवळ व्यापारासाठी व्हावा. आणि त्या भूमीवरील हॉलंडच्या सार्वभौम अधिकारास बाध येऊ नये, असा त्याचा आशय आहे.

ज्यांचा दिवस टिपणे व मसुदे यांच्या संगतीत जातो, अशा आमच्या वाचकांनी हे कलम जरा सावकाश वाचावे. त्यात वाट एकास दिली आहे आणि जमिनीची सत्ता दुसऱ्याकडे ठेविली आहे. दोन्ही पक्षांस सही करता यावी म्हणून मसुदा असा समतोल केला जातो, आणि मग त्या समतोलाचा नेमका अर्थ काय हा प्रश्न पुढच्या पिढ्यांकडे जातो. या कलमाच्या बाबतीत तो प्रश्न पुरती १६६ वर्षे पुढे गेला.

कलमात ‘रस्ता किंवा कालवा’ असे शब्द होते. लोहमार्गाचे नाव नव्हते. पण काळाने तो शब्द आपसूकच त्यात घातला. अँटवर्पपासून लिएज व आखेनवरून कोलोनला जाणारा लोहमार्ग १८४३ साली पुरा झाला, आणि ऱ्हाईन नदीच्या मुखावर डचांचा ताबा असला तरी आपण लोखंडाची दुसरी ऱ्हाईन वाहविली, असे बेल्जन लोक अभिमानाने म्हणू लागले. तथापि तो मार्ग डोंगराळ मुलखातून जाणारा. सपाट प्रदेशातून जाणारी वाट हवी होती, आणि ती डच लिंबर्गमधूनच शक्य होती. १८७३ साली उभय देशांत नवा करार झाला. त्याने सिटार्डऐवजी उत्तरेकडील रूरमोंड शहरावरून मार्ग नेण्यास हॉलंडने संमती दिली, आणि १८७९ साली अँटवर्पहून मोल, वेर्ट, रूरमोंड, डालहाइम या वाटेने म्युन्शेनग्लाडबाखपर्यंत गाड्या धावू लागल्या. पुढे ‘लोखंडी ऱ्हाईन’ हे नाव याच मार्गास चिकटले.

पस्तीस वर्षे हा मार्ग भरभराटीत चालला. मग १९१४ चे महायुद्ध आले. बेल्जमच्या तटस्थतेची हमी देणाऱ्या ज्या तहास जर्मन चान्सेलरने ‘कागदाचा कपटा’ म्हटल्याचे प्रसिद्ध आहे, तो तह म्हणजे हाच १८३९ चा तह. हॉलंड तटस्थ असल्यामुळे त्याच्या भूमीवरून युद्धाची वाहतूक बंद झाली, आणि बेल्जम व्यापून बसलेल्या जर्मनांनी डच हद्द टाळून माँत्झेनवरून आखेनकडे जाणारा नवा मार्ग बांधून काढला. त्यासाठी रशियन युद्धकैद्यांना राबविण्यात आले. इतिहासाचा विपर्यास असा की, आक्रमकांनी आपल्या सोयीसाठी घातलेला हा मार्गच पुढे अँटवर्पच्या व्यापाराचा मुख्य आधार झाला. तो लांबचा व चढणीचा. पण त्यावर शेजाऱ्याची परवानगी लागत नव्हती. हक्काचा सपाट मार्ग मात्र हळूहळू ओसाड पडत गेला, आणि १९९१ साली त्यावरील आरपार वाहतूक थांबली.

मधल्या काळात वाहतुकीचे स्वरूपच पालटले होते. १९६६ साली अमेरिकेहून कंटेनरांनी भरलेले जहाज रॉटरडॅमला आले, तेव्हापासून या पेट्यांचे युग युरोपात सुरू झाले. पूर्वी गोणी व पिंपे उतरविण्यात दिवसचे दिवस जात. आता जहाज तासांच्या हिशेबाने रिकामे होऊ लागले. त्याबरोबर धक्क्यावरील पेट्यांचा डोंगर उपसणार कोण, हा प्रश्न उभा राहिला. हॉलंडने आपल्यापुरते त्याचे उत्तर शोधले: रॉटरडॅमच्या मासव्लाक्ट बंदरभागापासून जर्मन सीमेपर्यंत सुमारे १६० किलोमीटरांचा, केवळ मालगाड्यांसाठी राखलेला बेट्युव मार्ग २००७ साली खुला झाला. तरीही सीमेपलीकडे एमेरिक ते ओबरहाउझेन ही तिसरी रूळजोड टाकण्याचे जे काम जर्मनीने १९९२ च्या करारात मान्य केले होते, ते प्रत्यक्ष सुरू होण्यास २०१७ साल उजाडले. शेजाऱ्याच्या दारात वाट पाहण्याची पाळी अशी हॉलंडवरही आली.

इकडे बेल्जमने आपला जुना हक्क पुन्हा मागितला. आता अडचण सैन्याची वा जकातीची नव्हती. रूळ ज्या माइनवेग अरण्यातून जात होते, ते आता राष्ट्रीय उद्यान झाले होते; रूरमोंडच्या नागरिकांना घराशेजारून रात्रभर धडधडणाऱ्या गाड्या नको होत्या. हॉलंडने बोगदा, वळणमार्ग, ध्वनिरोधक भिंती अशा अटी मांडल्या. प्रश्न एकच उरला: खर्च कोणाचा? २००३ साली उभयतांनी हा वाद हेगच्या स्थायी लवाद न्यायालयाच्या द्वारे पाच लवादांपुढे नेला. अध्यक्षस्थानी रोझलिन हिगिन्स या विदुषी न्यायाधीश होत्या.

२४ मे २००५ चा तो निवाडा वाचण्यासारखा आहे. लवादांनी सांगितले की, बेल्जमचा हक्क जिवंत आहे, आणि जुन्या शब्दांचा अर्थ आजच्या गाड्या व आजची गरज ध्यानी घेऊन केला पाहिजे. परंतु हॉलंडची सत्ताही तितकीच जिवंत आहे. आपल्या भूमीवर निसर्गरक्षणाचे कायदे लावण्यास त्यास मोकळीक आहे. मर्यादा इतकीच, की त्या कायद्यांमुळे बेल्जमचा हक्क नाकारला जाता कामा नये किंवा त्याचा उपभोग अवाजवी रीतीने कठीण होता कामा नये. माइनवेगच्या बोगद्याचा खर्च उभयतांनी निम्मा निम्मा सोसावा, असेही ठरले. न्याय झाला, पण गाडी निघाली नाही. बोगद्याचा आकडा दोन्ही राजधान्यांना जड वाटला, आणि निवाड्यानंतरही वर्षानुवर्षे तो जुना मार्ग आरपार वाहतुकीसाठी सुरू झाला नाही.

शेजाऱ्याचे रूळ हा प्रश्नाचा एक भाग. बंदराच्या कुंपणाआतील रूळ हा दुसरा. युरोपीय संघाने १९९१ पासून रूळ सांभाळणारा व गाडी चालविणारा यांचे हिशेब वेगळे करविले, आणि २००७ पासून मालवाहतूक सर्व परवानाधारक कंपन्यांस खुली केली. पण मुख्य मार्ग मोकळा असून धक्क्यावरील यार्डात जागा वा क्रेनची वेळ मिळाली नाही, तर त्या मोकळेपणाचा उपयोग काय? म्हणून २०१२ च्या निर्देशाने बंदरांतील रेल्वेसोयीही भेदभावाविना देण्याचे बंधन घातले, अर्जास वाजवी मुदतीत उत्तर देणे आवश्यक केले, आणि तक्रार ऐकण्यास प्रत्येक देशात स्वतंत्र नियामक ठेवविला. २०१७ च्या नियमांनी या सोयींची माहिती व अटी जाहीर करावयास लावल्या. हॅम्बुर्गसारख्या बंदरात, जेथे १८६६ पासूनचा बंदर-लोहमार्ग शहराच्या मालकीचा आहे आणि त्यावर अनेक कंपन्यांच्या गाड्या चालतात, तेथे ही कल्पना अगदीच अपरिचित नव्हती.

महाराष्ट्राच्या वाचकांस हा वाद परका वाटू नये. दादरा व नगर हवेली १९५४ साली मुक्त झाल्यावर दमणहून तेथे जाण्याच्या हक्कासाठी पोर्तुगालने १९५५ साली हेगच्याच आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा लावला होता. १९६० च्या निकालात न्यायालयाने खाजगी माणसे, मुलकी अधिकारी व सर्वसाधारण माल यांच्या वाटेचा हक्क मान्य केला. सैन्य, सशस्त्र पोलीस व शस्त्रे यांचा नाकारला. आणि मान्य केलेला हक्कही भारताच्या नियंत्रणाधीन आहे असे सांगून भारताने कोणतेही कर्तव्य मोडले नसल्याचा निर्वाळा दिला. वाट एकाची व सत्ता दुसऱ्याची, हाच तो तिढा.

या हकीकतीवरून करारांवरचा विश्वास उडावा, असे आम्हांस वाटत नाही. दोन महायुद्धे ओसरली, ‘कपटा’ म्हणून हिणवलेला तह मात्र टिकला, आणि त्यातील एका कलमावर दोन राष्ट्रे तोफांऐवजी वकिलांकरवी भांडली. हा लाभ लहान नव्हे. पण हक्क लिहून देताना त्याचा खर्च, त्याची देखभाल आणि त्याची मुदत हीही त्याच कागदावर लिहावी लागतात. १८३९ च्या मसुदाकारांनी खर्चाचे एक वाक्य लिहिले होते. मात्र अरण्याची व झोपमोड होणाऱ्या नागरिकांची किंमत त्यांच्या काळास ठाऊक नव्हती. ती ठाऊक झाल्यावर हिशेब पुन्हा मांडणे भागच होते. तो अजून पुरा झालेला नाही, आणि तोवर अँटवर्पचा माल कैद्यांनी खोदलेल्या त्या चढणीच्या वाटेनेच जर्मनीकडे जात आहे.