तीन रोग की एक? : इन्सुलिन-प्रतिरोधाच्या नामकरणाचा इतिहास

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यातील एखाद्या मध्यमवर्गीय घरी प्रकृतीची विचारपूस केली, तर पुष्कळदा तीन निरनिराळी उत्तरे कानी पडतात : 'यांना शुगर आहे', 'लिव्हरला थोडी सूज आहे', 'मागल्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली'. ही तिन्ही विधाने एकाच व्यक्तीसंबंधी असली, तरी बोलणारा ती तीन स्वतंत्र संकटे म्हणून सांगतो. शरीरात मात्र त्यांचे मूळ बहुधा एकच असते. ते एक मूळ ओळखून त्यास साजेसे नाव देण्यास वैद्यकास १९३६ पासून २०२३ पर्यंतचा काळ लागला. प्रस्तुत लेखक वैद्य नव्हे, भाषेचा अभ्यासक आहे. म्हणून येथे रोगापेक्षा रोगाच्या नावांकडे अधिक लक्ष दिले आहे.

प्राचीन वैद्यकात ही विभागणी आजच्याइतकी पक्की नव्हती. चरकाने प्रमेहाची गणना अतिपोषणाने उद्भवणाऱ्या विकारांत केली आणि त्याचा संबंध मेदाशी जोडला. सुश्रुताने सहज आणि अपथ्यजन्य असे दोन प्रमेह मानून पहिल्याचा रोगी कृश, तर दुसऱ्याचा स्थूल असतो, असे नोंदविले. एवढ्यावरून आधुनिक शोध प्राचीनांस अवगत होते असे सिद्ध करू पाहणे व्यर्थ होय. तथापि कृश आणि स्थूल हा भेद पुढे फार महत्त्वाचा ठरणार असल्याने तो ध्यानात ठेवावा. तसाच 'काळीज' हा शब्दही. संस्कृत 'कालेय' म्हणजे यकृत. मराठीने त्यापासून आलेला हा शब्द यकृत आणि हृदय या दोहोंसाठी वापरला. हा अर्थविस्तार भावनेच्या भाषेतून झाला, शरीरशास्त्रातून नव्हे; योगायोग मात्र लक्षणीय आहे.

१९२१-२२ मध्ये टोरांटो येथे इन्सुलिन हाती आल्यावर मधुमेह म्हणजे इन्सुलिनचा अभाव, हे समीकरण रूढ झाले. १९३६ मध्ये लंडनच्या हॅरल्ड हिम्सवर्थने रोग्यांस ग्लुकोज आणि इन्सुलिन एकाच वेळी देऊन पाहिले, तेव्हा काहींची साखर उतरली, काहींची जवळजवळ उतरलीच नाही. दुसऱ्या गटाच्या शरीरावर इन्सुलिनचा प्रभाव पडत नव्हता. १९६० च्या सुमारास रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी रक्तातील इन्सुलिन मोजण्याची रीत सिद्ध केली आणि अनेक प्रौढ मधुमेहींच्या रक्तात ते कमी नसून अधिकच असते, असे आढळले. १९८८ मध्ये जेरल्ड रीव्हन यांनी हा प्रतिरोध, वाढलेला रक्तदाब, वाढलेली ट्रायग्लिसराइडे आणि हृदयरोग यांचे सूत्र एकत्र गुंफून त्यास 'सिंड्रोम एक्स' म्हटले. त्या गुंफणीत यकृतास स्थान नव्हते.

यकृताची कथा वेगळ्या वाटेने चालली होती. १९८० मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या युर्गेन लुडविग यांनी मद्यप्यांच्या यकृतासारखीच विकृती मद्य न घेणाऱ्या २० रोग्यांत वर्णिली आणि तिला 'नॉन-अल्कोहोलिक' हे विशेषण दिले. रोग काय नव्हे, एवढेच या नावाने सांगितले. त्याचा उपद्रव आपल्याकडे विशेष झाला. दारूस कधी न शिवलेल्या गृहिणीच्या कागदावर दारूचा उल्लेख यावा, आणि तिने तो शेजाऱ्यांपासून लपवावा! वस्तुतः प्रतिरोध निर्माण झाला की स्नायू साखर नीट उचलत नाहीत; यकृत उपाशीपोटीही साखर बनवीत राहते आणि त्याच वेळी मेदही रचीत जाते. तोच मेद पुढे रक्तात उतरून धमन्यांस बाधतो. दारूचा येथे काही संबंध नाही.

आता या पट्ट्याकडे वळू. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी ठाण्यास आली. पुढल्या वर्षी रूळ कल्याणास पोचले. तेव्हा येथले जीवन भातशेती, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी यांवर चाले. रेल्वेने प्रथम येथील माणसे मुंबईस नेली आणि विसाव्या शतकात मुंबईत न मावलेली माणसे येथे आणून ठेवली. कोकणातून, देशावरून, खानदेशातून आलेल्या कुटुंबांनी डोंबिवली भरली. चिखलणी करणाऱ्यांचे नातू कचेरीतील खुर्चीवर बसले. तेव्हा बैठे काम व वाढते अन्न हेच रोगाचे कारण, असा निष्कर्ष सहज सुचतो. तो खोटा नाही, अपुरा आहे.

अपुरा का, ते पुण्याजवळील खेड्यांत दिसले. तेथील के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून सहा गावांतील स्त्रियांचा गर्भधारणेपूर्वीपासून अभ्यास केला. या कष्टकरी, कृश मातांच्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. परंतु हातापायांनी किरकोळ असलेल्या या बाळांच्या पाठीवरील त्वचेखालचा मेद मात्र त्या मानाने फारसा घटलेला नव्हता. पुण्यातील बाळांच्या नाळेच्या रक्तातील इन्सुलिनही लंडनच्या गोऱ्या बाळांहून अधिक आढळले. २००४ मध्ये याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये आपलेच मोजमाप छायाचित्रासह छापले : दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक २२.३, शरीरातील मेद मात्र युडकिन यांचा ९.१ टक्के, याज्ञिकांचा २१.२.

आमच्या मते या साऱ्या इतिहासातील निर्णायक दाखला हाच. डोंबिवलीहून रोज गाडी पकडणारा सडपातळ लेखनिक स्वतःस निरोगी समजतो, कारण प्रमाण मानलेला काटा त्याच्यासाठी घडलेला नसतो. शिवाय त्याची प्रवृत्ती खुर्चीवर बसण्याआधीच, कदाचित आजीच्या ताटातील तुटवड्यापासून, घडू लागलेली असते. २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी अतिवजनाची मर्यादा २५ वरून २३ वर आणली आणि कमरेच्या घेरास पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही सीमा घातली. २०२१ मध्ये केंद्र शासनाने यकृतातील मेदविकार असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात समाविष्ट केला.

२०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय यकृततज्ज्ञांनी लुडविगचे नकारार्थी विशेषण टाकून चयापचयाच्या बिघाडाचा निर्देश करणारे नाव स्वीकारले. मराठीत त्यासाठी 'चयापचयजन्य मेदयकृत' असे काही योजता येईल. ते जड आहे खरे, पण 'लिव्हरला सूज' या रूढ प्रयोगाहून बरे. कारण सूज म्हटली की चार गोळ्यांनी ती उतरेल असे वाटते. हा मेद असा उतरत नाही. सामान्यतः वजनात ७ ते १० टक्के घट झाल्यास यकृत पुष्कळसे सावरते. अंगाने कृश असणाऱ्या रुग्णांत ३ ते ५ टक्केही पुरतात.